बाबांचा डोंगर बंद करू नकोस, परतीची वेळ लिहून घे

पुण्याच्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र, थोडं संक्षिप्त करून:

"ताई, माझे बाबा ६७ वर्षांचे आहेत. साताऱ्यात बी.कॉम., मग मुंबईला गव्हर्नमेंट लॉ कॉलेज, तीन वर्षं आर्टिकलशिप म्हणजे सॉलिसिटरच्या हाताखाली उमेदवारी, १९८४ साली सॉलिसिटर. फोर्टमधल्या एका फर्ममध्ये त्यांनी पस्तीसहून जास्त वर्षं कंपन्यांचं काम केलं. २०२१ साली निवृत्त झाले आणि आईला घेऊन साताऱ्यातल्या गोडोलीच्या घरी परत आले. डोंगराचं वेड कॉलेजपासूनचं. आमच्या लहानपणी शुक्रवारी रात्री सॅक घेऊन निघायचे, रविवारी रात्री चिखलानं माखून यायचे.

गेल्या ऑक्टोबरात ते एकटेच कासच्या पुढच्या जंगलाकडे उतरले. पाय घसरून घोटा मुरगळला आणि रात्र एका धनगरवाड्यावर काढावी लागली. तिथं फोनला रेंज नव्हती. इकडे आम्ही पोलीस, वनखातं, दवाखाने, सगळीकडे फोन करत बसलो होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी दुधाच्या गाडीतून उतरले आणि म्हणाले, 'एवढं काय झालं?' तेव्हापासून आईला नीट झोप नाही. अमेरिकेतला दादा म्हणतो, त्यांचे बूट फेकून दे, नाहीतर मी सॅटेलाइटवर चालणारं यंत्र पाठवतो. दोन कंपन्यांनी संचालक म्हणून बोलावलं, त्यांनी नकार दिला. एवढं शिकलेला माणूस, आणि पाय बरा झाल्यापासून दर पंधरा दिवसांनी त्याच धनगरवाड्यावर जातो, पिशवीभर कागद घेऊन. विचारलं तर 'काम आहे' एवढंच. आयुष्यभर असंच, कामाबद्दल घरात एक शब्द नाही. मला वाटतं, ते आमच्यापासून पळतायत. त्यांना थांबवायचं कसं?"

प्रिय मैत्रिणी,

तुला 'तू' म्हणते, माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे. पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा त्या रात्रीचं वाचून पोटात गोळा आला. दुसऱ्यांदा वाचताना मात्र त्या पिशवीपाशी थांबले. तिच्याकडे येते, पण आधी त्या रात्रीबद्दल.

'एवढं काय झालं?' असं म्हणायला नको होतं. घरात वाट पाहणाऱ्या माणसांच्या डोळ्यांसमोर रात्रभर काय काय येऊन जातं, हे त्यांना कळायला हवं होतं. तुझ्या आईची झोप गेली ती उगाच नाही. हे मी आधी लिहिते, कारण पुढे मी बऱ्याच अंशी त्यांची बाजू घेणार आहे.

मी स्वतः साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात तीस वर्षं वकिली केली. जमिनीचे वाद, पोटगी, वाटपाचे दावे. तुझ्या बाबांचं जग माझ्यापेक्षा फार वेगळं, तरी एक गोष्ट दोघांची सारखीच. अशिलानं विश्वासानं सांगितलेली गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय वकिलाला उघड करता येत नाही. पूर्वी ही तरतूद पुरावा कायद्याच्या कलम १२६ मध्ये होती, आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. त्यात स्पष्ट लिहिलंय की काम संपलं तरी हे बंधन संपत नाही. निवृत्तीनंतरही नाही. कुठली कंपनी कुणाला विकली जाणार, कोणत्या घराण्यातल्या भावाभावांत फाटलंय, कुणाचं कर्ज थकलंय, हे त्यांना जाहीर होण्याच्या कितीतरी आधी ठाऊक असायचं. शेअर बाजारातल्या कंपनीचं गुपित असेल तर जेवणाच्या टेबलावर निघालेला एक शब्दही महागात पडू शकतो. अशी पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाच्या तोंडाला कुलूप लागतं. पुढे ते कुलूप त्याचं त्यालाही उघडत नाही. तुला ते आपल्यापासून दूर जाणं वाटलं. मला तो व्यवसायाचा व्रण वाटतो.

ते जे करत होते त्याचा थोडा अंदाज तुला यावा म्हणून सांगते. १९८४ साली ते सॉलिसिटर झाले तेव्हा कंपन्यांचं काम १९५६ च्या कंपनी कायद्यावर चालायचं. परकीय चलनाला १९७३ चा 'फेरा' हा कायदा होता, आणि त्यात चूक झाली तर थेट फौजदारी. मग जुलै १९९१ आलं, परवाने सैल झाले, परदेशी कंपन्या भागीदारीसाठी दारात उभ्या राहिल्या. १९९२ मध्ये शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीला कायद्याचं बळ मिळालं. २००० च्या जूनपासून फेरा जाऊन 'फेमा' हा नवा कायदा आला. २०१३ मध्ये अख्खा कंपनी कायदा नवा झाला, २०१६ मध्ये दिवाळखोरीची संहिता आली. आम्ही जिल्ह्यातले वकील, आमचा १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आम्हाला जन्मभर पुरला. तुझ्या बाबांनी जे पाठ केलं ते डोळ्यांदेखत रद्द होत गेलं आणि दरवेळी चाळिशीत, पन्नाशीत, साठीच्या उंबरठ्यावर पुन्हा विद्यार्थ्यासारखं बसावं लागलं. दर शुक्रवारी रात्री हा माणूस सॅक उचलून का निघायचा, हे मला त्यातून थोडं समजतं. किल्ल्याची वाट कुणाचं गुपित नसते. तिथं जे दिसतं ते मोठ्यानं बोलता येतं. तुला आठवत असेल तर सांग, डोंगरावरून आल्यावर ते बोलायचे की नाही? मला वाटतं, बोलायचे.

आता ती पिशवी. मी ती पाहिलेली नाही, पण धनगरवाडा, वकील आणि पिशवीभर कागद, एवढ्यावरून मला जे वाटतं ते सांगते. चुकत असेन तर बाबांनाच विचार.

कास, बामणोली, कोयना या पट्ट्यात गवळी धनगरांच्या वस्त्या पिढ्यान् पिढ्या आहेत. डोंगरमाथ्यावर पाच-सात घरं, म्हशी, दूध, थोडी नाचणी-वरी. साठच्या दशकात कोयनेचं पाणी चढलं तशी खोऱ्यातली गावं उठली, माणसं पांगली. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात घरं पडली, घरांबरोबर पेट्या आणि पेट्यांतले कागदही गेले. १९८५ मध्ये अभयारण्य झालं, २०१० मध्ये व्याघ्र प्रकल्प. ज्या जागेवर आजा-पणजा राहिला ती आपली आहे हे दाखवायला यातल्या कित्येक घरांकडे आज धड कागद नाही.

त्यांच्यासाठी २००६ चा वनहक्क कायदा आहे. पण धनगर आपल्याकडे अनुसूचित जमातीत धरले जात नाहीत, म्हणून त्यांना 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून दावा करावा लागतो. तिथं अट कडक आहे. १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, आपण त्या जंगलात राहून त्यावर पोट भरत होतो हे दाखवावं लागतं. म्हणजे थेट १९३० पर्यंत मागं जायचं. आम्ही खरेदीखत करताना तीस वर्षांचा सर्च काढतो, म्हणजे जमिनीच्या जुन्या नोंदी तपासतो, आणि त्यातच घाम फुटतो. ७५ वर्षांचा पुरावा, तोही लिहिता-वाचता न येणाऱ्या आज्यांच्या वस्तीत!

कायद्यानं तिथं एक चांगली सोय केलेली आहे. नियम १३ म्हणतो, पुरावा फक्त सरकारी कागदच असला पाहिजे असं नाही. दावेदार सोडून वस्तीतल्या इतर म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब चालतो. जुन्या घराचं जोतं, विहीर, स्मशान, देवाची जागा हेही पुराव्यात धरतात. मात्र एकाहून अधिक प्रकारचे पुरावे जोडावे लागतात. दावा ग्रामसभेच्या वनहक्क समितीपासून सुरू होतो, मग उपविभागीय समिती, शेवटी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा समिती. ही जुळवाजुळव मन लावून करणारा माणूस मिळत नाही म्हणून किती दावे कच्चे राहून फेटाळले जातात, हे मी जवळून पाहिलंय.

आणि ही जुळवाजुळव म्हणजे तुझ्या बाबांचं जन्मभराचं काम. एखादी कंपनी विकत घेण्याआधी तिची जमीन, कर्जं, खटले, परवाने एकेक कागद काढून तपासायचे, कुठला कागद कमी आहे ते हेरायचं, त्याच्या जागी दुसरा कुठला उभा राहील ते शोधायचं. त्याला ते ड्यू डिलिजन्स म्हणायचे. हाच हात आता पेटीतल्या जुन्या पावत्यांवरून फिरतोय. ते म्हणाले ना, 'काम आहे'? त्यांनी तुला खरं तेच सांगितलं. आणि हे काम थांबवून चालणारं नाही, कारण १९६० च्या आधीचं आठवणारी माणसं आता ऐंशीच्या पुढची आहेत. त्यांचे जबाब आजच घ्यायला हवेत.

त्यांना थांबवू कसं, असं तू विचारलंस. आम्ही थांबवलं होतं, ते सांगते. माझे वडील एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीनंतर रोज पहाटे अजिंक्यताऱ्यावर जायचे. एकाहत्तराव्या वर्षी एकदा किल्ल्याच्या वाटेवर 'चार भिंती' नावाच्या स्मारकापाशी चक्कर आली म्हणून खाली बसले, कुणीतरी रिक्षात घालून घरी आणलं. मी आणि माझ्या बहिणीनं त्या दिवसापासून किल्ला बंद केला. काठी लपवली, आईला शपथ घातली. ते एका शब्दानं भांडले नाहीत. गॅलरीतली खुर्ची तेवढी त्यांनी किल्ल्याकडे तोंड करून ठेवली. सहा महिन्यांत मांड्या वाळल्या, तोल जायला लागला. शेवटी पडले ते न्हाणीघरात, घराच्या आत, आम्ही ज्याला सुरक्षित म्हणत होतो तिथं. चक्कर कशानं आली हे आम्ही तेव्हा नीट तपासूनसुद्धा घेतलं नव्हतं. रक्तदाबाची गोळी बदलून भागलं असतं. ही चूक माझी आहे आणि मला ती रोज आठवते. तुझ्या हातून ती होऊ नये म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

तर थांबवू नकोस. अटी घाल. आणि त्यांच्या भाषेत घाल.

तुझ्या बाबांनी केलेल्या मोठ्या करारांत एक तारीख असायची, लाँग स्टॉप डेट. तोपर्यंत व्यवहार पुरा झाला तर झाला, नाहीतर दोन्ही बाजू मोकळ्या. एका शनिवारी साताऱ्याला ये, त्यांच्यासमोर कोरा कागद ठेव आणि म्हण, 'बाबा, आपल्या दोघांत करार करायचाय, मसुदा तुम्हीच करा.' त्यात तीन गोष्टी आल्या पाहिजेत. कुठल्या वाटेनं जाणार आणि कुठल्या वाटेनं परतणार. शेवटच्या गावात कुणाला सांगून पुढे जाणार, मग तो दुकानदार असो, दूधवाला असो, लाँचवाला असो. आणि परतीची वेळ, घड्याळातली. ती टळली की तू ११२ ला आणि वनखात्याच्या तिथल्या कार्यालयाला फोन करणार आणि त्याबद्दल ते नंतर एका शब्दानं रागावणार नाहीत.

पण मोबदल्याशिवाय करार होत नाही, करार कायद्याचं कलम २५ त्यांना झोपेतही आठवेल. तुझ्या बाजूनं मोबदला हा, की ती वेळ टळेपर्यंत तू फोनचा मारा करणार नाहीस, बुटांचा विषय काढणार नाहीस, आणि आईलाही तेवढा वेळ धीर धरायला शिकवशील. हे तुला जड जाईल, मला माहीत आहे. पण ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांची जोखीम मोजली, त्याला स्वतःची जोखीम लेकीसमोर बसून मोजायला लावणं, यापेक्षा चांगला उपाय मला दिसत नाही. दम दिलास तर ते चोरून जातील. मसुदा मागितलास तर त्यात तुझ्या ध्यानात न आलेली कलमंही घालतील.

एक प्रश्न मात्र तू त्यांना स्पष्ट विचार. ऑक्टोबरात ज्या वाटेनं उतरले ती अभयारण्याच्या हद्दीत येते का, आणि येत असेल तर परवानगी होती का? वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २७ प्रमाणे परवान्याशिवाय आत जाता येत नाही. वासोटा किल्ल्यावर जाणारासुद्धा आधी बामणोलीत नोंद करतो, मग लाँचमध्ये बसतो आणि संध्याकाळच्या आत परततो. ही नोंद म्हणजे नुसता सरकारी सोपस्कार नव्हे. कोण आत गेलंय आणि बाहेर आलं नाही, हे कळायचा तोच एक मार्ग आहे. परवाना न घेता गेले असतील तर कायदा शिकलेल्या माणसाला ते शोभलं नाही, असं माझा निरोप म्हणून सांग.

एकट्यानं जाणंही आता पुरे. त्या जंगलात अस्वल आहे, गवा आहे. पावसाळ्यानंतर गवत छातीएवढं असतं आणि चूपचाप चालणारा एकटा माणूस अस्वलाच्या अंगावर जाऊन पोचतो. दोघं-तिघं बोलत चालले तर जनावर आधीच बाजूला होतं. सोबत कोण, असं म्हणशील. साताऱ्यातच इस्माईलसाहेब मुल्ला लॉ कॉलेज आहे. विधी महाविद्यालयांना विधी साहाय्य केंद्र चालवावं लागतं आणि विद्यार्थ्यांना खरंखुरं काम हवं असतं. बाबांनी प्राचार्यांना भेटून दोन विद्यार्थी मागावेत. आज्यांचे जबाब लिहून घ्यायला तरुण हात मिळतील, घसरले तर उचलायला खांदे मिळतील, आणि पस्तीस वर्षांत कुलूपबंद झालेल्या माणसाला शिकवायचं निमित्त मिळेल. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडेही एक चक्कर मारावी. दाव्यात पुढे वकील लागला तर वस्तीतल्या बायकांना उत्पन्न न बघता मोफत मदत मिळते. ती तरतूद १९८७ च्या कायद्यातच आहे.

शरीराचं थोडक्यात. हृदयाची ट्रेडमिल टेस्ट, हाडांची घनता आणि डोळे, हे तिन्ही या महिन्यात करून घे. ते बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा लावतात का बघ. त्याच्या खालच्या काचेतून उतारावर पायाखालचा दगड धूसर दिसतो आणि पायरी चुकते. डोंगरासाठी फक्त लांबचं दिसणारा वेगळा चष्मा करायला सांग. गुडघ्यावर चढताना पडतो त्याहून जास्त भार उतरताना पडतो, म्हणून दोन काठ्या हव्यात, एक नाही. आणि पावसाळा सरताना शेवाळलेल्या जांभ्यावर कितीही चांगला बूट घसरतो, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. तरी सांग.

दादाला आजच कळव की ते सॅटेलाइटचं यंत्र पाठवू नकोस. दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय सॅटेलाइटवरून संदेश पाठवणारं उपकरण भारतात बाळगणं गुन्हा आहे, विमानतळावर लोकांना त्यासाठी अटक झालेली आहे. जीव वाचवायला पाठवलेल्या वस्तूपायी बाबांवर गुन्हा नोंदवला जायचा. दादाला काही करावंसं वाटत असेल तर त्यानं दर रविवारी बाबांना फोन करून दाव्याचं काम कुठवर आलं एवढं विचारावं.

संचालकपदाचा नकार मला पटतो. स्वतंत्र संचालक म्हणजे एका वेळी पाच वर्षांपर्यंतची नेमणूक, जबाबदारी खरी, आणि पुन्हा तेच गुपित सांभाळणं. 'एवढं शिकलेला माणूस' असं तू लिहिलंस. शिक्षण वाया गेलेलं नाही, ते डोंगर चढून धनगरवाड्यावर पोचलंय.

राहिली आई. तिला कुणीच काही विचारलेलं दिसत नाही. मुंबई सोडून तिनं नवऱ्याच्या गावात संसार हलवला, आणि नवरा दर पंधरवड्याला डोंगरात. करारावर तिसरी सही तिची घे. परतीची वेळ तिनं ठरवावी. ज्या रात्री बाबा नसतील त्या रात्री शेजारच्या कुणीतरी सोबतीला यावं, याची व्यवस्था बाबांनी करून मगच बूट घालावेत.

आणि पुढच्या खेपेला तू स्वतः जा. वाट सोपी निवडायला सांग, दुधाची गाडी जिथपर्यंत जाते तिथून पुढची. पिशवी तू धर. वाटेत काही विचारू नकोस, ते आपणहून बोलतील. जाताना चहापत्ती, साखर आणि एखादं चांगलं घोंगडं घेऊन जा. त्या रात्री मुरगळलेल्या पायाला ज्या घरानं शेक दिला आणि आपल्या ताटातली भाकरी वाढली, त्या घरी अजून तुमच्यापैकी कुणीच गेलेलं नाही.

तुझी,
ताई